भिंतीतल्या माश्यांना मिस्ड कॉल: देवगाव रंगारीची एक चक्कर

नाझियाचा फोन आला तेव्हा मी एका आजोबांच्या कानाचा साचा घेत होते. नाशिकला माझं श्रवणयंत्रांचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. नाझिया छत्रपती संभाजीनगरच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तिचे अब्बा नाशिकला मोठ्या मुलीकडे राहायला आले होते, तेव्हा त्यांना यंत्र मी बसवलं. तेव्हापासून मी तिची काकू. तर ती म्हणाली, "काकू, क्या बोलू, आमच्या माश्या फोनवर ऐकू येतात, पण माश्यांपेक्षा एक मावशीच ज्यादा ऐकू येतात. एकदा येऊन बघा ना."

मला आधी वाटलं, पोरीला ऊन लागलं. मग तिनं समजावलं. देवगाव रंगारीजवळ एका जुन्या दगडमातीच्या भिंतीत बिनडंखाच्या मधमाश्यांची वसाहत आहे. कोकणात यांना पोया म्हणतात. नाझियानं भिंतीच्या फटीत माइक बसवलाय आणि बाहेर सिमकार्डाची डबी. आपण त्या नंबरला मिस्ड कॉल द्यायचा, मग भिंत आपल्याला उलटा फोन करते. दोन मिनिटं माश्या थेट ऐकायच्या. मध्येच एकचं बटण दाबलं की तिथल्या मातीच्या परळात पाण्याचे पाच-सहा थेंब पडतात, माश्यांना प्यायला. शाळेतली मुलं, शहरातले लोक, कुणीकुणी फोन करतात. नंबर मी इथं देणार नाही, कृपा करून विचारू नका.

मला निसर्गाचं वेड वगैरे नाही. झाड दिसलं की मी सावलीला उभी राहते, तेवढंच. पण आवाज खराब येतोय असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही, हा धंद्याचा दोष. मंगळवारी सकाळी दुकानाला कुलूप लावलं आणि एसटीत बसले.

नाशिक ते संभाजीनगर एसटीनं पाच तास धरा. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडीत बायकाच जास्त. येवला मागं पडलं की हिरवं संपतं. एप्रिल होता, आणि आदल्या वर्षी पाऊस नावालाच झालेला. वैजापूरच्या पुढं विहिरींच्या कडेला टँकर उभे, आणि अर्ध्या शेतांत प्लॉटिंगचे चुन्याचे पट्टे मारलेले. जिथं पेरायला पाणी नाही तिथं सोसायटी होणार, कमानीवर नाव मात्र 'हिरवाई' असलं काहीतरी. मी डबा आणला होता तो खाल्ला आणि झोपले.

औरंगपुऱ्यात उतरायची सोय केली होती. लॉज साधा, हजाराच्या आत, बाजाराच्या ऐन तोंडावर. मालक भला माणूस, पण पहिली सूचना पाण्याची: बादली एकच मिळेल, नळ आठवड्यानं येतो. बाहेर जलवाहिनीसाठी रस्ता खणलेला होता. पाणी अजून आलेलं नव्हतं, पण पाण्याचा खड्डा आला होता, असं रिक्षावाला म्हणाला. संध्याकाळी नाझिया न्यायला आली. तिनं गल्लीतल्या एका हॉटेलात नान खलिया खाऊ घातला. मटणाचा पिवळसर रस्सा आणि तळहाताहून मोठा नान. नाशिकच्या तिखटाला सरावलेल्या जिभेला सौम्य लागतो, पण दुसरा नान मी मागितला हे कबूल करते.

जेवताना तिनं सांगितलं की पहिली वसाहत इथंच, औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत एका जुन्या शाळेच्या कुंपणभिंतीत होती. भिंत रुंदीकरणात गेली. या माश्यांना भेगा लागतात, पोकळ झाडं लागतात, आणि नव्या शहरात दोन्ही नाहीत. सिमेंटला भेग पडली तर लोक बिल्डरवर दावा लावतात. मग ती गावोगाव भिंती शोधत हिंडली आणि तिला गयाबाई सापडल्या.

लॉजवर परत आल्यावर मी मिस्ड कॉल दिला. एक रिंग, कट. दहा सेकंदांत उलटा फोन. आधी बारीक, एकसारखी गुणगुण, खोल डब्यातून यावी तशी. कान लावला तोच एक बाई खणखणीत आवाजात कुणाला तरी म्हणाली, की तुला सकाळपास्नं तीनदा सांगितलं, त्या बाभळीकडं जाऊ नगं, लई शानी झालीस. मग खोकला. मग, अंधार पडला, आता टँकर काय येत नाय. दोन मिनिटांतली पावणेदोन मिनिटं बाईच. नाझियाचं खरं होतं.

बुधवारी सकाळी सात वाजता तिच्या जुन्या गाडीतून निघालो. तुम्ही जाणार असाल तर सातच्या आत निघा, कारण दौलताबादला किल्ल्याच्या वेशीत रस्ता एका गाडीपुरता उरतो. एकदा समोरून ट्रक घुसला की सगळे आपापल्या हॉर्नवर हात ठेवून बसतात. आम्ही पंधरा मिनिटं अडकलो. तेवढ्यात पाटीवाल्या बाईकडून अंजिरं घेतली. किल्ला गाडीतूनच बघितला. चढले नाही, गुडघे माझे आहेत. वेरूळला चहा झाला आणि तिथून कन्नडचा मोठा रस्ता सोडून देवगावकडं वळलो.

वाटेत नाझियानं गयाबाईंचं सांगितलं. घर मूळ मेंढरं राखणाऱ्यांचं. नवरा गेल्यावरही बाईनं कळप सांभाळला. मुलगा एकनाथ वाळूजच्या कारखान्यात लागला. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात चारा संपला. बाई आजारी बहिणीकडं चार दिवस गेल्या होत्या, तेवढ्यात एकनाथनं येऊन सगळी मेंढरं विकून टाकली. परत आल्या तर मेंढरं कोंडायचं वाडगं मोकळं. तेव्हापासून मायलेकरांत अबोला आहे. तो फोन करतो, त्या उचलत नाहीत. आता तो येतही नाही. मी म्हटलं, घरोघरी मातीच्या चुली, आपण भिंतीपुरतं बघू.

वस्ती गावापासून लांब, शेतात. पत्र्याच्या दोन खोल्या, दोन शेळ्या, आणि मोकळ्या वाडग्याची कमरेएवढी उंच, जाड भिंत. गयाबाई साठीच्या पुढच्या, उंच, हातात काठी. आम्हाला बघून त्यांनी आधी शेळीला सांगितलं की पाहुणे आले, आणि मग आम्हाला सांगितलं की बसा.

माश्या बघून माझी निराशा झाली, लपवत नाही. तिळाहून थोड्या मोठ्या, काळ्या. चिलटं म्हणून कुणीही झटकून टाकेल. पण त्यांचं दार बघण्यासारखं आहे. भिंतीच्या फटीतून करंगळीएवढी मेणाची नळी बाहेर आलेली, आणि तिच्या तोंडाशी आठ-दहा जणी पहारा देत गोल बसलेल्या. मी बोट जवळ नेलं तर सगळ्या एकदम माझ्याकडं वळल्या. डंख नसताना एवढा दरारा. खाली परळ, त्यात खडे, आणि वर खिळ्याला उलटी बाटली टांगून तिला दवाखान्यातली सलाईनची नळी जोडलेली. कुणी फोनवर एक दाबला की खटका उघडतो आणि थेंब पडतात. बाटली गयाबाई भरतात, टँकरच्या पाण्यानं. स्वतःच्या वाट्यातलं.

"रोज दुपारी दीडला पानी पडतंयच बघा," त्या म्हणाल्या. "कोनतरी रिकामटेकडा हाय. पन नेमाचा हाय."

नाझियानं मोबाइलवर यादी दाखवली. खरंच, एकच नंबर, दिवसातून चार-पाच वेळा, दुपारी तर हटकून. तिला फार कौतुक होतं त्याचं. असा एक जरी माश्यांचा दिवाना मिळाला तरी मेहनत वसूल, असं म्हणाली.

मी कामाला लागले. अडचण सोपी होती. फटीतला माइक हवेतला आवाज घेत होता, आणि गयाबाई दिवसभर तिथंच, भिंतीच्या सावलीत, अखंड बोलत असतात. शेळ्यांशी, माश्यांशी, कावळ्याशी. मी विचारलं, एवढं का बोलता हो? तर म्हणाल्या, "मुक्या जनावरापाशी गप बसू नाय. आपन बोलत ऱ्हायलं म्हंजी त्याला कळतं, आपलं मानूस हितंच हाय. गप झालं की कळप बिथरतो." हा त्यांच्याकडचा रिवाज, आईकडून, आजीकडून आलेला. मेंढरं गेली, बोलणं राहिलं. मी मान डोलावली आणि पेटी उघडली.

मी दुकानातून एक वेगळा माइक आणला होता. हा हवेतलं काही घेत नाही. भिंतीला चिकटवायचा, डॉक्टर छातीला नळी लावतात तसा, आणि मग फक्त दगडाची थरथर ऐकू येते. एक दगड सैल होता, त्यामागं मेणाचं पोळं अगदी जवळ. तिथं तो बसवला, जुना काढला. बारा वाजता नाझियानं मिस्ड कॉल दिला आणि ऐकता ऐकता तिचे डोळे मोठे झाले. गुणगुण इतकी भरीव, की आत कुणी पंख झटकलेलंही कळत होतं. गयाबाई शेजारीच बसून शेळीची उलटतपासणी घेत होत्या, त्यातला एक शब्द आला नाही. बावीस वर्षांत मी इतकं स्वच्छ काम थोड्या वेळा केलंय. मी स्वतःवर खूश होते, आणि ते चेहऱ्यावर दिसत असणार.

गयाबाईंना सांगितलं की तुमचा आवाज आता जाणार नाही. त्या म्हणाल्या, बरं झालं, माझं काय ऐकायचंय लोकांनी. आणि भाकरी थापायला गेल्या. ज्वारीची भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा. ताटाला हात लावायच्या आधी मी पैशाचं विचारलं तर अशा बघितल्या माझ्याकडं, की मी पाकीट परत ठेवलं. अंजिरं तेवढी त्यांनी घेतली.

दीड वाजला आणि परळात थेंब पडले. नेमाचा माणूस आला, असं म्हणून आम्ही हसलो. दोन मिनिटांनी पुन्हा थेंब. पुन्हा. नाझिया यादी बघत होती: तोच नंबर, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. नवीन आवाज आवडला त्याला, ती खुशीत म्हणाली. सातव्या वेळेला बाटली रिकामी झाली, परळ भरून वाहिलं, दोन माश्या बुडाल्या. गयाबाईंनी त्या काडीनं उचलून दगडावर वाळत ठेवल्या आणि त्या नेमाच्या माणसाला एक शिवी दिली. पाणी काय फुकट येतं व्हय, असं पुटपुटत होत्या.

मध्येच त्यांचा स्वतःचा साधा बटणांचा फोन वाजला. त्यांनी बघितलं आणि पालथा घालून ठेवला. परत वाजला. परत तेच. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तो गोणपाटाखाली गेला. मला वाटलं जाहिरातीचे फोन असतील, मीही तेच करते.

तीनला आम्ही निघायची आवराआवर करत होतो. शेताच्या वाटेनं एक मोटारसायकल धुरळा उडवत आली, इतक्या वेगात की शेळ्या उधळल्या. उतरला तो तिशीतला माणूस, कारखान्याच्या निळ्या शर्टात, घामानं चिंब. वाडग्याच्या कोपऱ्यावर येऊन तो थबकला. गयाबाई भिंतीपाशी बसलेल्या होत्या, शेळीला म्हणत होत्या की घाबरू नगं. त्यानं त्यांच्याकडं बघितलं आणि मग खालीच बसला, उन्हात, तापलेल्या मातीवर. थोड्या वेळानं त्यानं नाझियाला विचारलं, "म्याडम, मशीन बंद पडली का?"

नाझिया म्हणाली, नाही, चालू आहे की, आजच नवीन माइक बसवलाय.

"मग हिचा आवाज का येत नाय?"

मी तिथं सकाळपासून होते, गयाबाई पहिल्यांदा गप्प झाल्या.

त्याला पाणी दिलं, मग तो तुटक तुटक सांगायला लागला, आमच्याकडं बघून, आईकडं नाही. एकनाथ तो हाच. कारखान्यातल्या कुणाच्या तरी पोराकडून, शाळेत मिळालेला हा नंबर त्याला कळला होता, आणि भिंत कुणाची तेही. पहिल्यांदा लावला तेव्हा आई टँकरवाल्याला शिव्या देत होती. तेव्हापासून रोज जेवायच्या सुट्टीत डबा उघडायचा, मिस्ड कॉल द्यायचा, आणि तिचं ऐकत जेवायचं. शेळी गाभण आहे हे त्याला ठाऊक होतं. तिचा गुडघा सुजला होता तेही. आज फोनवर नुसत्या माश्या. आई दिवसा गप बसेल ही गोष्ट त्याच्या जन्मात झालेली नव्हती. सात वेळा लावला, दर वेळी एक दाबलं, पाणी पडल्यावर तरी ती काही बोलेल म्हणून. मग तिच्या फोनवर लावला, तिनं उचलला नाही. तशी ती कधीच उचलत नाही, पण आज ते वेगळं वाटलं. शेजारच्या वस्तीवर विचारता आलं असतं, ते सुचलंच नाही म्हणाला. वाळूजपासून इथवर तासाभराच्या वर रस्ता आहे. एवढा वेळ तो काय मनात घेऊन गाडी चालवत आला असेल, ते मला विचारवलं नाही.

मला लाज वाटली. साफ सांगते, इतकी लाज मला धंद्यात कधी वाटलेली नाही. बावीस वर्षं मी लोकांना सांगत आले की मागचा आवाज म्हणजे कचरा, तो कापला की यंत्र चांगलं. या माणसाला मागचाच आवाज हवा होता आणि मी तो कापून वर शाबासकी घेतली होती. नाझियाचेही डोळे भरले होते. तिनं कौतुकानं दाखवलेला माश्यांचा दिवाना समोर मातीत बसला होता.

गयाबाई उठल्या. रिकाम्या बाटलीकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"ते पानी तू पाडत हुतास व्हय."

त्यानं मान हलवली. मग खालमानेनं म्हणाला, "चारा नव्हता, आई."

"व्हय. चारा नव्हता," त्या म्हणाल्या. "पन मी हुते ना. मला इचारायचं हुतंस."

दोन वर्षांचं भांडण, एवढंच होतं ते. तो रडला, पण आवाज न करता, शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत. त्यांनी त्याला जवळ घेतलं नाही. ताट आणलं आणि पुढ्यात ठेवलं, दोन भाकरी, पिठलं, आणि आमची अंजिरं. डबा तसाच टाकून आला असशील, म्हणाल्या. तो तसाच टाकून आला होता.

तो जेवत असताना मी नाझियाला हळूच म्हटलं की जुना माइक परत बसवते, पाच मिनिटांचं काम आहे. ती लगेच हो म्हणाली, माश्यांचा आवाज खराब आला तरी चालेल म्हणाली. मी पेटी उघडली. गयाबाईंनी बघितलं आणि काठी आडवी धरली.

"नगं. हाय तसं ऱ्हाऊ द्या. माश्यांचं ऐकायचं त्याला फोन पुरं. माझं ऐकायचं त्यानं हितं यायचं."

एकनाथ ताटातून मान वर न करता म्हणाला की सुट्टी शुक्रवारी असते.

"मंग शुक्रवारी," त्या म्हणाल्या आणि शेळ्या गोळा करायला गेल्या.

परतीच्या वाटेवर दौलताबादला नाझियानं एवढंच विचारलं, की बाकीचे जे फोन करतात ते तरी माश्यांसाठी करत असतील ना. मला काय माहीत. मी तिला सांगितलं, कॉलेजात तुझी कौतुकाची सभा होईल तेव्हा हा प्रश्न विचार. तिनं त्या संध्याकाळी भिंतीशेजारी एक पाटी लावायचं ठरवलं: इथं बोललेलं कधीकाळी बाहेर जात होतं, आता जात नाही. वाक्य माझं नाही, तिचंच.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं मी नाशिकला परतले. जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. नाशिककरांनी माझ्यासारखं शहरात जाऊन उलटं येऊ नये, वैजापूरहून शिऊरकडनं देवगाव जवळ पडतं, हे मला घरी आल्यावर कळलं. आणि कुठल्याही वस्तीवर जाताना आपलं पाणी आपण न्या, पाच लिटर जास्तीचं न्या, आणि परत आणू नका.

काय उरलं म्हणाल, तर दुकानात एक फरक पडला. परवा एका गृहस्थांनी तक्रार केली की यंत्रात बायकोच्या भांड्यांचा आवाज फार येतो, तो काढून टाका. मी त्यांना म्हटलं, आठ दिवस राहू द्या, मग या. ते चिडले. चिडू दे.

एकनाथ जातो का, हे मी नाझियाला विचारलं नाही. ती आठवड्यात एकदाच तिकडं जाते, आणि असलं विचारायला मला बरंही वाटत नाही. पण परवाच्या शुक्रवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मिस्ड कॉल दिला. भिंतीचा फोन आला. माश्या सुरेख ऐकू येत होत्या. एक दाबून पाणी पाडलं. या माइकला बोलणं ऐकू येत नाही, पण भिंतीला काही लागलं तर येतं. मिनिटभरानं लांबून धडधड आली, वाढत वाढत अगदी जवळ, आणि बंद झाली. कुणाचीही मोटारसायकल असेल. मग भिंतीला कुणीतरी पाठ टेकली, धप्प. थोड्या वेळानं तिच्याशेजारी आणखी एक धप्प झालं. पुढं दोन मिनिटं संपेपर्यंत नुसत्या माश्या.